मिथ्या तात्यांच्या वहीतलं एक नाव

"तात्या, घरमा शेतस का?" असं कोणी दारातून विचारलं की आतून खणखणीत आवाज येई, "नहीं!" आणि पाठोपाठ स्वतः तात्याच पंचा खांद्यावर टाकत बाहेर येत.

नवखा माणूस गोंधळून जाई. मी त्या गावात शाळामास्तर म्हणून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी गोंधळलो. समोरच्या रिकाम्या घराची किल्ली यांच्याकडे असते असं कळलं म्हणून गेलो होतो. आतून "नहीं" ऐकलं, बाहेर माणूस आला, म्हणून मी अदबीने विचारलं, "तात्या केव्हा येतील?" त्यांनी विचारलं, "कोण तात्या?" मी म्हणालो, "कचेरीतले कारकून." झालं! त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि पाऊण तास पटवून दिलं की तात्या नावाची वस्तूच जगात नाही. हाडं आहेत, कातडं आहे, पंचा आहे, तपकिरीची डबी आहे. या गाठोड्याला लोक आपल्या सोयीसाठी तात्या म्हणतात. गाठोडंही क्षणाक्षणाला बदलतं. आतून "नहीं" म्हणाला तो वेगळा आणि उंबरा ओलांडून आला तो वेगळा. मी घामाघूम होऊन म्हणालो, "आणि किल्ली?" "किल्ली खुंटीला आहे," तात्या म्हणाले. किल्लीबद्दल त्यांना काही शंका नव्हती.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक शोधत येतील आणि "आमना तात्यानी टिंगल करस का?" म्हणून भांडतील. तळोद्याच्या अलीकडे, बैलगाडीने दोन तासांवर, एवढं पुरे. काळ दोन महायुद्धांच्या मधला. आणि तात्यांची नोकरी कोणती म्हणाल, तर गावच्या कचेरीत जन्म-मृत्यूची नोंद करायची! ज्या माणसाच्या मते कोणी जन्मत नाही आणि कोणी मरत नाही, त्याच्या हाती सरकारने दोन वह्या दिल्या होत्या: एक जन्मलेल्यांची, एक मेलेल्यांची. देवाला विनोद कळतो यावर माझा तेव्हापासून विश्वास आहे.

ही नोकरी एका सात वर्षांच्या मुलीपायी जाता जाता राहिली. तेच मला सांगायचं आहे. पण आधी माणूस ओळखीचा होऊ द्या, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखीच चूक कराल.

गावात सगळे त्यांना मिथ्या तात्या म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्यांना त्यात मोठेपणा वाटे. त्यांचं मुख्य सूत्र एकच होतं. जे काल नव्हतं आणि उद्या नसणार, ते आज तरी कशावरून आहे? दिसतं म्हणून? स्वप्नातही दिसतंच की! हे ऐकवताना ते समोरच्याच्या हातातली वस्तू घेत. घागर असेल तर घागर, डांगर असेल तर डांगर. "ही घागर. कुंभाराकडे जायच्या आधी माती. फुटल्यावर माती. मध्ये चार दिवस घागर. खरं काय? मातीच ना?" पाण्याला निघालेल्या बाया डोक्यावर रिकामी घागर घेऊन उन्हात ताटकळत उभ्या. शेवटी एकीने सांगितलं, "तात्या, तुम्ही मातीमा पानी आना, मी घागरमा आनस." त्या दिवसापासून तात्या पाणोठ्याच्या वाटेवर उभे राहीनासे झाले.

तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या वस्तूंना जास्त चांगलं लागू पडतं, हे मी तात्यांकडूनच शिकलो. माझी छत्री त्यांनी नेली आणि हरवली. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "मास्तर, ती छत्री होती, असं तुम्हाला वाटत होतं." पुढे महिन्याभराने राममंदिरात त्यांचा नवा जोडा कोणीतरी बदलून नेला. तात्या दोन दिवस अख्ख्या गावातल्या माणसांच्या पायांकडे बघत हिंडले. मी भर बाजारात म्हणालो, "तात्या, जोडा होता असं तुम्हाला वाटत होतं." तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की ब्रह्म सोडून बाकी सगळं भस्म व्हावं.

घरी वहिनी होत्या. तात्या कचेरीत आणि वादात पुस्तकी मराठी बोलत, वहिनी अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नसत. दोघांना मूल नव्हतं. निदान मला दिसलं नव्हतं, आणि मी सडाफटिंग माणूस, बायकांच्या बोलण्यात मला शिरकाव नव्हता. तात्या जेवायला बसत आणि भाकरीचा तुकडा हातात धरून नश्वर वस्तूंच्या सत्यतेवर बोलू लागत. वहिनी चुलीपुढून ऐकवत, "हाई भाकर तीन काळमा शे का? नहीं ना? मंग आतेना काळमा खाई ल्या, थंडी व्हई ऱ्हायनी!" मी हे स्वतः ऐकलं आहे. सगळ्या शास्त्रार्थात एवढं चोख उत्तर दुसरं नाही, असं मला आजही वाटतं. तात्या मुकाट्याने खात. मात्र भाकर करपली असेल तर मिथ्या म्हणून सोडून देत नसत, चांगले कुरकुरत.

त्यांच्या वेदांतात एक गोची होती, ती मात्र सगळ्यांत मजेची. तात्यांनी कुठून कुठून उतरवून घेतलेल्या दोन वह्या होत्या. एक अद्वैत वेदांताची. तिच्यात म्हटलेलं, की दोरीवर साप दिसतो, साप खोटा, पण दोरी खरी. तसं जग खोटं, पण त्याच्या खाली एक न बदलणारं काहीतरी खरं. दुसरी वही बौद्धांच्या शून्याची. तिच्यात म्हटलेलं, की साप खोटा हे बरोबरच, पण दोरी तरी कुठे आहे? तीही काथ्याच्या धाग्यांचं नुसतं नाव. खाली काही नाही, वर काही नाही, सगळं एकमेकांच्या आधाराने उभं आणि क्षणाक्षणाला मोडणारं. दोन्ही वह्यांना वाळवी लागली. तात्यांनी त्या करीमचाचांकडे बांधायला दिल्या. चाचा आमच्या गावचे पिढीजात जिल्दसाज, कचेरीच्या वह्याही तेच बांधत. त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं आणि दोन्ही वह्यांचा कागद एकसारखा, शाई एकसारखी, हात एकच. चाचांनी वाळवीतून बचावलेली पानं जुळतील तशी जुळवून एकच जाडजूड पुस्तक करून दिलं, वर लाल कापडाची पाठ.

तात्यांनी ते तसंच वाचायला घेतलं. परिणाम असा की बोलता बोलता पान उलटलं की तात्यांचं मतही उलटे. "म्हणून मास्तर, हे सगळं जाईल, पण ज्याच्यावर हे भासतं तो आत्मा..." इथे पान संपे. अंगठ्याला थुंकी लावून तात्या पुढचं पान काढत आणि त्याच सुरात म्हणत, "...कुठेही सापडत नाही, कितीही शोधा!" मी एकदा म्हणालो, "तात्या, हे दोन वेगळे लोक बोलतायत. एक म्हणतो खाली खरं काहीतरी आहे, दुसरा म्हणतो नाही." तात्या म्हणाले, "तुम्हाला अजून खोल जायला हवं." करीमचाचांना मी विचारलं तर त्यांनी कानाला हात लावले. "मास्टरजी, मैंने तो पन्ने संभालके लगाए. अब अल्ला की बनाई हुई चीज झूठी बोलेंगे तो पन्ने तो फिरेंगेच ना!"

कचेरीत तर कहर. एकदा डोंगरातून उतरून गावच्या कडेला वस्तीला आलेला एक माणूस मुलगा झाल्याची खबर द्यायला आला. तात्यांनी त्याला उभं करून समजावलं, की जे नव्हतं ते होऊच शकत नाही, आणि जे होतंच ते पुन्हा कशाला होईल, म्हणून खरं तर कोणी जन्मत नाही. त्या माणसाची बोली मला येत नाही, कचेरीतल्या शिपायाने अर्थ सांगितला तो असा, की माझी बायको दीड दिवस ओरडत होती, कोणी जन्मत नसेल तर ती कोणासाठी ओरडत होती ते तिला येऊन विचार, मी इथे थांबतो. तात्यांनी नोंद केली.

दुसऱ्यांदा मृत्यूच्या वहीत, 'कारण' या रकान्यात, ओळीने अकरा नावांपुढे तात्यांनी एकच शब्द लिहिला: 'जन्म'. मामलेदारसाहेब तपासणीला आले आणि वही बघून त्यांची शेंडी ताठ झाली. साहेब पुण्याकडचे, बोलायला फटकळ. "हे काय आहे?" "साहेब, बाकीची कारणं निमित्तमात्र आहेत. जन्म झाला नसता तर..." "तुम्ही जन्मला नसतात तर सरकारचे उपकार झाले असते!" साहेब ओरडले. त्याच महिन्यात आणखी एक प्रकार उघड झाला. एका मयताच्या नावाच्या रकान्यात तात्यांनी सहीच्या भरात स्वतःचंच नाव लिहिलं होतं. म्हणजे सरकारदप्तरी तात्या दोन आठवड्यांपूर्वी वारले होते आणि रोज कामावर येत होते. गावाला आयतीच मजा मिळाली. बाजारात लोक त्यांना बघून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "तेराव्याले बलाव बरं, तात्या!" साहेब मात्र हसले नाहीत. भरकचेरीत त्यांनी बजावलं, "या वह्यांत पुन्हा एक नोंद चुकलेली दिसली, की तुम्ही घरी बसायचं. मग तिथे ब्रह्म शोधा नाहीतर शून्य शोधा." तात्यांचं वय पन्नाशीच्या घरात. दुसरं काही येत नव्हतं. राहतं घरही कचेरीचं होतं. त्या दिवशी घरी जाताना ते कोणाला काही समजावून सांगायला थांबले नाहीत.

आणि त्यानंतर दीड महिन्याने मला चूक सापडली.

त्या साली वरून हुकूम आला होता, की सात वर्षं पुरी झालेली प्रत्येक मुलगी शाळेच्या पटावर पाहिजे. त्यासाठी जन्माच्या वहीतून नावं काढायची, मृत्यूच्या वहीशी ताडून गेलेल्यांची नावं वजा करायची आणि उरलेल्यांच्या घरी मास्तराने स्वतः जायचं. तात्या त्या दिवशी पडशाने घरी होते. मी दोन्ही वह्या पुढ्यात घेऊन यादी केली. वजा करायचं काम काही बरं नव्हतं. एका वहीतलं नाव दुसऱ्या वहीत पुन्हा पुन्हा भेटत होतं. आमच्या गावात ज्या घरात एकही लेकरू गेलं नाही असं घर दाखवायला कठीण, त्यामुळे कोणी कोणाचं मोजत नसे आणि बोलतही नसे. तर वजा करून उरलेल्या सगळ्या मुली गावात माझ्या ओळखीच्या निघाल्या, फक्त एक सोडून. नाव 'तापी'. जन्माच्या वहीत आहे, मृत्यूच्या वहीत नाही. बापाच्या नावाच्या रकान्यात तात्यांचं नाव.

मला एवढं हसू आलं की शिपाई बघायला आला. माझ्या डोक्यात एकच आलं: हा माणूस सहीच्या भरात पुन्हा रकाना चुकला! कोणाच्या तरी मुलीपुढे बाप म्हणून स्वतःला लिहून बसला. आता वाईटही वाटत होतं, कारण साहेब चार दिवसांनी यादी तपासायला येणार होते आणि ही चूक त्यांच्या नजरेतून सुटणारी नव्हती. म्हणजे तात्या घरी बसणार. पण वाईट वाटणं नंतरचं. आधी जाऊन दोन टोले हाणावेत असं वाटलं, आणि छत्री अजून माझ्या डोक्यात होतीच.

दुपारी गेलो. तात्या पडसं असूनही करीमचाचांकडे गेलेले. वहिनी ओट्यावर लाल मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. मी रस्त्यावरूनच, शेजारपाजारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वहिनी, पेढे आणा! तुम्हाला मुलगी झालीय, आणि एकदम सात वर्षांची! शास्त्रात जगात मुळीच नसलेल्या गोष्टीला वांझेचा मुलगा म्हणतात. तात्यांनी वहीत वांझेची मुलगी सिद्ध केलीय, बघा, तापी नाव ठेवलंय!"

वहिनींचे हात थांबले. शेजारच्या ओट्यावर कोणीतरी बाई बसली होती, ती उठून आत गेली. मला वाटलं, माझा विनोद कळला नाही. म्हणून मी तो पुन्हा समजावून सांगायला तोंड उघडलं.

"वर या मास्तर," वहिनी म्हणाल्या. "बठा."

मी बसलो. त्यांनी मिरच्यांचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले.

"तापी मन्ही पोर व्हती," त्या म्हणाल्या. "दोन वरीसनी व्हती. तुम्ही आठे याना पहिले. डांग्या खोकला व्हयना. आठ दिनमा गयी."

मी काय बोललो होतो त्याचा एकेक शब्द मला आठवला. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं, आणि ते मी वहिनींना सांगितलंही. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"यास्नी कचेरीमा जाईसन वही उघाडी. कलम हातमा लिसन बसनात. दिनभर बसनात. मंग वही मिटी टाकी आनि घर उनात. बठ्ठा गावनं मरन यास्नी लिखं, मास्तर. आपली पोरनं लिखता उनं नहीं."

मी विचारलं, म्हणजे विचारायला नको होतं पण तोंडून गेलं, "मग ते कोणी मरत नाही, कोणी जन्मत नाही, हे सगळं?"

"ते तवयपासून." वहिनींनी हात झटकला. "पहिले पत्ता खेळेत, हासेत, गावभर गप्पा मारेत. तुमना सारखाच व्हतात. पोर गयी आनि कोठून तरी ती पहिली वही आनी. तीमा लिखेल शे, देह जास, आत्मा ऱ्हास. वरीसभर तेच वाचं. मंग एक दिन माले म्हनतस, आत्मा ऱ्हास, पन तो माले बा म्हनत नहीं. आत्मानं मी काय करू? मंग ती दुसरी वही आनी. तीमा काय शे, तर रडनारा बी ऱ्हात नहीं. कालना रडनारा येगळा, आजना येगळा." त्यांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "रडनं तेच शे, मास्तर."

मी उठलो. यादीचं, साहेबांचं, चार दिवसांचं सगळं त्यांना सांगितलं, कारण ते सांगायलाच हवं होतं. मृत्यूच्या वहीत नोंद झाली, अगदी आता, मागची तारीख घालून झाली, तर यादी जुळेल. नाही झाली, तर नोकरी जाईल.

"जाई तर जाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही यास्ले लिखाले लावू नका, तेवढं करा."

चार दिवस मी शाळेत मुलांना चुकीची उजळणी शिकवली. नोंद मी स्वतः करू का, असंही मनात आलं. अक्षर ओळखू आलं असतं. शिवाय दुसऱ्याच्या पोरीचं मरण त्याला न विचारता त्याच्या वहीत घालणारा मी कोण? तात्यांना काही बोलायला जावं, तर समोर दिसले की ते नेहमीसारखे माझ्या हातातला खडू घेऊन तो खडू नाही असं सिद्ध करू लागत, आणि मला हसू यायचं बंद झालं होतं.

साहेब आले. कचेरीत टेबलाच्या एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला मी. साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि ते बोट तापीवर थांबलं.

"ही मुलगी पटावर नाही. मृत्यूच्या वहीतही नाही. बापाचं नाव..." साहेबांनी मान वर केली. "कारकून, हे तुमचं नाव आहे. तुम्हाला मुलगी आहे?"

तात्यांनी तपकिरीची डबी काढली. म्हणाले, "साहेब, आहे म्हणजे, कोणत्या अर्थाने विचारता त्यावर..."

"अर्थबिर्थ नको! आहे की नाही? एका शब्दात सांगा."

आता गंमत बघा. जगातल्या एकूण एक वस्तूवर तात्यांकडे हा एक शब्द तयार असे. खुर्ची? नाही. सातपुडा? नाही. आधीच्या एका साहेबांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की तुम्हीही नाही. तोच शब्द आता म्हणायचा होता, फक्त एकदा, आणि तो तर खराही होता. म्हटला असता तर साहेबांनी वही पुढे सरकवली असती, ओरडले असते, नोंद करून घेतली असती, कदाचित नोकरीही राहिली असती. तात्यांचे ओठ हलले. डबीचं झाकण उघडलं आणि तपकीर सगळी वहीवर सांडली. पण शब्द काही बाहेर आला नाही.

"आजोळी आहे, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तात्यांनीही पाहिलं.

"शहाद्याला. हिचं आजोळ तिथं आहे. नाव मी पटावर घेतलंय, यादीत टिपायचं राहिलं. चूक माझी." आयुष्यात सरकारी माणसापुढे एवढं सराईत खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. वहिनींचं माहेर शहाद्याला आहे की शिरपूरला, हेही मला माहीत नव्हतं.

"मग तसं लिहा ना, मास्तर! उगाच माणसाला घाम फोडता!" साहेब खेकसले आणि त्यांचं बोट पुढच्या नावावर गेलं. मी यादीत तापीच्या नावापुढे 'आजोळी' लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

तात्यांनी आभार मानले नाहीत. कचेरीतून आम्ही बरोबर निघालो, आणि घराच्या वळणावर ते न सांगता वळले. दुसऱ्या दिवशी मात्र ते पूर्ववत सुरू. उलट जास्तच. शाळेच्या दारात उभे राहून त्यांनी मला दोरी आणि साप यावर एवढं पिडलं की मी मनात म्हणालो, गेली असती नोकरी तरी चाललं असतं! पुस्तकातलं पान उलटलं, मत उलटलं, सगळं होतं तसं चालू राहिलं. छत्रीही परत आली नाही.

तापीचं नाव मी खरोखरच पटावर घेतलं. घेणं भागच होतं, साहेब कधीही पट मागवतील. रोज हजेरी घेताना ते नाव मी मनातल्या मनात वाचत असे आणि पुढे गैरहजेरीची फुली मारत असे. नियमाप्रमाणे एवढ्या गैरहजेरीवर नाव कमी करायला हवं होतं. दर महिन्याला करीन म्हणायचो आणि राहून जायचं.

वार्षिक परीक्षा झाली. निकालाच्या सकाळी शाळेपुढे आयाबापांची गर्दी, पोरांचा कालवा. कोणी पास झालं म्हणून गूळ वाटतंय, कोणी नापास झालं म्हणून मार खातंय. गर्दी पांगल्यावर मी पट आवरत होतो, तेव्हा तात्या आत आले. अंगावर धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मला वाटलं आता खुर्ची खोटी ठरणार, म्हणून मी आधीच उठून उभा राहिलो. पण त्यांनी कशालाच हात लावला नाही. दारापाशीच थांबले. मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "तापी पास व्हयनी का?"

चार वर्षांत त्यांनी माझ्याशी अहिराणीतून एक वाक्य बोललेलं मला आठवत नव्हतं. मी पट पुन्हा उघडला. पान काढलं, बोट खाली आणलं आणि म्हणालो, "पास आहे, तात्या. वाचन चांगलं आहे. गणित जरा कच्चं."

तात्यांनी मान हलवली. जरा विचार केला.

"मायवर गयी," ते म्हणाले, आणि पायरी उतरून घराकडे सांगायला निघाले.